‘अंगठा लागत नाहीये’: आधार मशिनवर बोट पहिल्या फटक्यात जुळावं म्हणून काय करायचं?



एईपीएसचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, मशीन नवीन आहे, नेट चांगलं आहे, तरी अंगठा लागत नाही. गिऱ्हाईक वैतागून दुसऱ्या दुकानात जातं." व्हिडिओमध्ये मी मशीन जोडण्यापर्यंतच सांगितलं होतं. हा विषय दहा मिनिटांत बसणारा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वाचताना वही-पेन जवळ ठेवा, कारण शेवटी तुम्हाला एक काम देणार आहे.

आधी माझीच चूक सांगतो.

दुकानात आधारवर पैसे काढून द्यायला सुरुवात केली, ते पहिलंच वर्ष. वीटभट्टीवर काम करणाऱ्या एक मावशी निराधार योजनेचे पैसे काढायला आल्या. अंगठा लावला, जुळला नाही. परत लावला, नाही. मी सवयीने म्हणालो, "मावशी, उद्या या." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तेव्हा म्हणाल्या, "बाबा, तीन दिवसांचा रोज बुडाला. पैसे माझेच हायेत ना?"

त्या वाक्याने मी गप्प झालो. पैसे त्यांचेच, खातं त्यांचं, बोटही त्यांचंच. आणि मी त्यांना ‘उद्या या’ सांगत होतो, ते कशाच्या आधारावर? उद्या काय बदलणार होतं? त्यांचं बोट एका रात्रीत बदलणार नव्हतं आणि मशिनची काच मी पुसणार नव्हतो. त्या दिवशी मी काच पुसली, त्यांना कोमट पाण्याने हात धुवायला लावले आणि अंगठा सोडून डाव्या हाताचं मधलं बोट लावायला सांगितलं. लागलं. म्हणजे तीन दिवसांचा रोज माझ्या अज्ञानाने बुडाला होता.

म्हणून आजचा पहिला नियम लिहून घ्या: कारण माहीत नसताना गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणायचं नाही. कारण शोधायचं कसं, ते आता बघू.

## आधी समजून घ्या: मशीन नेमकं काय करतं?

आपल्याला वाटतं, मशीन अंगठा ओळखतं. तसं नाही. तुमच्या टेबलावरचं मशीन फक्त बोटाचा फोटो काढतं, त्यातून माहिती तयार करतं, ती कुलूपबंद करते तशी सांकेतिक रूपात पाठवतं. जुळणी होते ती यूआयडीएआयच्या सर्व्हरवर. तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर मिळतं. मग बँक पुढचं काम करते.

बोटावर बारीक रेघा असतात. एखादी रेघ मध्येच संपते, एखादीला फाटा फुटतो. अशा जागांना मिन्युशिया म्हणतात. या जागा कुठे आहेत आणि रेघ कोणत्या दिशेला जाते, यावरून बोटाचा एक नकाशा बनतो. आज काढलेला नकाशा आणि आधार काढताना जमा झालेला नकाशा किती जुळतो, याला गुण मिळतात. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेले की पास, खाली राहिले की नापास.

ही ‘ठरलेली रेषा’ नीट समजून घ्या. आपल्या उधारीच्या वहीचं उदाहरण घेऊ. उधारी द्यायला तुम्ही फार कडक राहिलात, तर चांगली गिऱ्हाइकंही परत जातात. फार सैल राहिलात, तर बुडवे लोक घुसतात. बोटाच्या जुळणीतही असंच आहे. रेषा फार वर ठेवली तर खऱ्या माणसाला ‘नाही’ मिळतं. फार खाली ठेवली तर भलत्याच माणसाला ‘हो’ मिळतं. पहिल्या चुकीला चुकीचा नकार म्हणू, दुसरीला चुकीचा स्वीकार. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते.

आधारच्या बाबतीत ही रेषा तुमच्या हातात नाही, आणि नसलेलीच बरी, कारण समोर लोकांच्या खात्यातले पैसे आहेत. मग तुमच्या हातात काय आहे? फोटो चांगला देणं. फोटो स्वच्छ गेला, तर रेषा न हलवता खऱ्या माणसाचा नकार कमी होतो. आजचा सगळा धडा याच एका गोष्टीबद्दल आहे.

## ‘अंगठा लावा’ हा शब्दच आपल्याला फसवतो

आपल्याकडे सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणायची पद्धत होती. सातबाऱ्याच्या व्यवहारापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत अंगठाच लावला जायचा. त्याच सवयीने आपण दुकानात म्हणतो, "अंगठा लावा." गिऱ्हाईकही अंगठाच पुढे करतं.

पण आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, शिवाय दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो. पैसे काढताना यातलं कोणतंही बोट चालतं. आणि कष्टकरी माणसाचा अंगठा हा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त झिजलेला असतो. कोयता, खुरपं, थापी धरताना जोर अंगठ्यावर येतो. तंबाखू मळणाऱ्याच्या अंगठ्यावर तर चुन्याचा थर असतो! तो थर रेघांमध्ये बसला की फोटो खराब येणारच.

यूआयडीएआयने २०१२ मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात माणसाचं सगळ्यात चांगलं बोट एकदाच लावलं, तर सुमारे ९३.५ टक्के वेळा जुळलं. तेच बोट तीनपर्यंत वेळा लावायची मुभा दिली, तर ९६.५ टक्के. आणि दोन चांगली बोटं वापरली, तर ९९ टक्के.

हे आकडे दुकानदाराच्या नजरेने वाचा. एकच बोट परत परत दाबून थोडाच फायदा होतो. बोट बदललं की उरलेल्यातली बरीच माणसं पास होतात. पण आपण काय करतो? तोच अंगठा सात वेळा दाबायला लावतो.

म्हणून दुसरा नियम: एका बोटाला दोनच संधी. नाही जुळलं तर बोट बदला. मी हा क्रम वापरतो: आधी डाव्या हाताची तर्जनी, मग डावं मधलं बोट, मग उजवी तर्जनी, उजवं मधलं, आणि अंगठे शेवटी. बहुतेक लोक उजव्या हाताने काम करतात, म्हणून डावा हात कमी झिजलेला असतो. माणूस डावखुरा असेल, तर क्रम उलटा करा. विचारायला एक सेकंद लागतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. ज्याचं एक बोट झिजलंय, त्याची बाकीची बोटंही झिजलेली असण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे नुसतं बोट बदलून सगळ्यांचं काम होत नाही. तिथे पुढचे उपाय लागतात.

## चार जागा तपासा: बोट, काच, हात ठेवण्याची पद्धत, नोंद

### १. बोट

कोरडं बोट. थंडीच्या दिवसांत, वयस्कर माणसांमध्ये, सिमेंट, चुना, माती, धुण्याचा सोडा हाताळणाऱ्यांमध्ये हे हमखास दिसतं. त्वचा कोरडी असली की रेघ काचेला पूर्ण चिकटत नाही आणि फोटोत तुटक-तुटक दिसते. तुटलेल्या प्रत्येक जागी मशिनला वाटतं, इथे रेघ संपली. म्हणजे नकाशात खोट्या खुणा वाढतात.
उपाय: कोमट पाण्याने हात धुवायला सांगा, मऊ फडक्याने टिपा, एक मिनिट थांबा. फारच भेगा असतील, तर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा अगदी छोटा ठिपका चोळा आणि पूर्ण पुसून टाका. तेल बोटात मुरलं पाहिजे, काचेवर उतरता कामा नये.

ओलं बोट. घाम असला किंवा हात ओला असला की दोन रेघांमधल्या खाचा भरतात. फोटोत काळा डाग येतो. उपाय: कोरड्या सुती कापडाने पुसा, दहा-वीस सेकंद हवा लागू द्या.

मळलेलं बोट. चुना, पीठ, ग्रीस, रंग, हळद. आधी साबण, मग मशीन.

दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, लावायच्या आधी लगेच सॅनिटायझर देऊ नका. त्यातलं अल्कोहोल उडून जाताना त्वचा आणखी कोरडी करतं. दोन, बोटाला थुंकी लावायला सांगू नका. नोटा मोजायची ती सवय आहे, पण काच खराब होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला किळस येते.

काउंटरजवळ पाण्याची बाटली, छोटं टब, साबण आणि दोन स्वच्छ फडकी ठेवा. हा सगळा खर्च शे-दोनशे रुपयांचा आहे.

### २. काच आणि मशीन

आपल्याकडची बरीच मशिनं ऑप्टिकल असतात. आतून प्रकाश पडतो, रेघ जिथे काचेला टेकते आणि जिथे टेकत नाही, त्या फरकातून चित्र बनतं. काचेवर आधीच्या माणसाच्या बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर तो नवीन ठशात मिसळतो.

- दर पाच-सहा गिऱ्हाइकांनंतर चष्मा पुसायच्या मऊ कापडाने काच पुसा. खरखरीत फडकं, ब्लेड, नख नको. काचेवर थेट पाणी किंवा लिक्विड ओतू नका.
- मशीन उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका. दाराजवळचं टेबल, संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन, डोक्यावरचा प्रखर दिवा यांनी फोटो फिका पडतो. ‘सकाळी लागतं, संध्याकाळी लागत नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी ऊन कुठून येतंय ते बघा.
- केबल हलती नको. मशीन थेट कॉम्प्युटरला किंवा मोबाईलला जोडा. स्वस्तातला यूएसबी हब मध्ये आला की वीज कमी मिळते.
- आरडी सर्व्हिस चालू आहे का, अपडेट आहे का, तिची मुदत संपली नाही ना, हे दर सोमवारी बघा. नवीन मशीन घेताना ते एल-वन प्रकारचं नोंदणीकृतच घ्या. जुनं एल-झिरो मशीन कोणी स्वस्तात देत असेल, तर त्या मोहात पडू नका. एल-वनमध्ये बोटाची माहिती मशिनच्या आतच सुरक्षित केली जाते.
- कॉम्प्युटरचं घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का? ठशाच्या पाकिटावर वेळेचा शिक्का असतो. वेळ चुकीची असेल, तर बोट कितीही चांगलं असलं तरी विनंती परत येते.

### ३. हात ठेवण्याची पद्धत

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि सुधारायला एक पैसाही लागत नाही.

लोक बोट दाराच्या बेलसारखं दाबतात, फक्त टोक टेकतं. नकाशातल्या बऱ्याचशा खुणा बोटाच्या मधल्या भागात, रेघांचा भोवरा असतो त्याच्या आसपास असतात. टोकावर त्या कमी. म्हणून बोट आडवं, सपाट, पहिल्या पेराचं मधोमध काचेवर आलं पाहिजे.

दुसरी चूक, जोर. "दाबा, अजून दाबा" असं आपणच सांगतो. जास्त दाबलं की रेघा पसरतात, एकमेकींना चिकटतात आणि ठसा वाकडा होतो. बोट कोरडं असेल तर किंचित जास्त दाब, ओलं असेल तर अगदी हलका. बाकी वेळी टेबलावर हात ठेवतो तेवढाच.

तिसरी चूक, घाई. प्रकाश विझेपर्यंत बोट हलवायचं नाही.

मशीन हातात धरून गिऱ्हाइकापुढे नाचवू नका. टेबलावर, कमरेच्या उंचीला, त्याच्या बाजूला तोंड करून ठेवा. आजी-आजोबांना बसायला स्टूल द्या. उभ्याने हात थरथरतो. आणि त्यांचं बोट तुम्ही पकडून दाबू नका. आधी तुमचं स्वतःचं बोट ठेवून दाखवा, मग म्हणा, "आजी, असं ठेवा, दाबू नका, मी सांगेपर्यंत हलवू नका." एवढ्या एका वाक्याने खूप फरक पडतो.

### ४. नोंद

बोट स्वच्छ, काच स्वच्छ, पद्धत बरोबर, तरी ‘जुळत नाही’? आता नोंद तपासा.

सगळ्यात साधं कारण: आधार क्रमांक दुसऱ्याचा. हसू नका. एकाच घरातली पाच कार्डं एका पिशवीत असतात. आजी सुनेचं कार्ड घेऊन येतात. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकून टाइप झाला तर सिस्टिम क्रमांकच चुकीचा सांगते. पण पूर्ण क्रमांक दुसऱ्या माणसाचा असेल, तर तो क्रमांक बरोबरच असतो! मग सिस्टिम फक्त एवढंच सांगते की बोट जुळलं नाही. म्हणून कार्डावरचं नाव मोठ्याने वाचा आणि विचारा.

दुसरं कारण: जुना ठसा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांचे ठसे आधार केंद्रावर अपडेट करावे लागतात. कॉलेजला गेलेल्या पोराचा ठसा जुळत नसेल, तर हा अपडेट झालाय का विचारा. मोठ्या माणसांचंही बोट वर्षानुवर्षांच्या कामाने बदलतं. पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्या काळात ठसे दिलेल्या माणसाची नोंद आता किती जुनी झाली, हिशेब करा. अशा वेळी आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट हाच खरा उपाय.

तिसरं कारण: बायोमेट्रिक लॉक. फसवणूक टाळायला कोणीतरी, बहुधा घरातल्या शिकलेल्या मुलाने, लॉक करून ठेवलेलं असतं आणि कोणालाच आठवत नाही.

इथे स्क्रीनवरचा कोड वाचायची सवय लावा. यूआयडीएआयच्या कोडमध्ये ३०० म्हणजे बोट जुळलं नाही. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे. ८११ म्हणजे त्या आधारवर हवी ती बायोमेट्रिक माहितीच नाही. ३३० आलं आणि तुम्ही हात धुवायला लावले, तर दिवसभर धुवूनही उपयोग नाही. लॉक यूआयडीएआयच्या ॲपवरून किंवा वेबसाईटवरून उघडावं लागतं. माहितीसाठी १९४७ हा क्रमांक गिऱ्हाइकाला लिहून द्या.

आणि एक महत्त्वाची खूण: बऱ्याच मशिनच्या चाचणी स्क्रीनवर ठशाच्या दर्जाचे गुण दिसतात. गुण कमी असतील, तर दोष टेबलावर आहे, म्हणजे बोट, काच किंवा पद्धतीत. गुण चांगले आणि तरी ३००, तर दोष बहुतेक नोंदीत आहे. एवढा एक फरक कळला तरी तुमचा निम्मा वेळ वाचेल.

## सगळं करूनही नाही लागलं तर?

काही माणसांची बोटं खरंच लागत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही. कर्करोगावरच्या काही औषधांनी बोटाच्या रेघा पुसट होतात. खूप वय झालेल्यांच्या रेघा सपाट होतात. अशा माणसाला दहा लोकांसमोर पंधरा वेळा बोट लावायला लावणं म्हणजे त्याची फजिती करणं.

माझ्या दुकानात मर्यादा आहे: चार बोटं, जास्तीत जास्त आठ वेळा. त्यानंतर थांबायचं आणि पुढचा रस्ता सांगायचा.

- काही बँकांच्या सेवेत चेहऱ्याने पडताळणी सुरू झाली आहे. तुमच्या बँकेत किंवा कंपनीत ती आहे का, आजच विचारून घ्या.
- पेन्शनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण आहे. ते २०१४ मध्ये बोट आणि बुबुळावर सुरू झालं, आता मोबाईलवर चेहऱ्यानेही होतं. नोव्हेंबरमध्ये आजोबांची बोटं घासत बसू नका, चेहऱ्याचा पर्याय वापरा.
- पैसे काढायचे असतील तर पासबुक घेऊन शाखेत जायला सांगा. तोंडी नको, चिठ्ठी द्या. तारीख, किती बोटं लावली, कोणता कोड आला. चिठ्ठी हातात असली की तिथला माणूसही नीट ऐकतो, आणि मावशीला परत पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.

आणखी एक प्रसंग वेगळा ओळखा: बोट जुळलं, पण नेट गेलं, खात्यातून पैसे कापले, हातात मिळाले नाहीत. हा बोटाचा प्रश्न नाही, लगेच दुसऱ्यांदा बोट लावायची घाई करू नका. आधी मिनी स्टेटमेंट बघा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत, त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई आहे. पावती जपून ठेवायला सांगा.

## अचूकता म्हणजे फक्त ‘हो’ मिळवणं नव्हे

काही जण विचारतात, "सर, कसंही करून लागेल असा जुगाड सांगा." नाही. भलत्याला ‘हो’ मिळणं हीसुद्धा चूकच, आणि ती जास्त महागात पडते. जमिनीच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनची बोटं बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं वेगवेगळ्या राज्यांत पोलिसांनी पकडली आहेत. त्यामुळे यूआयडीएआयने २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे का हे ओळखणारी, नकाशा आणि चित्र दोन्ही तपासणारी पद्धत आणली. बोटाला काहीही चिकटवून, कापड किंवा प्लास्टिक लावून प्रयोग केलात, तर तुमच्यावरच संशय येईल.

तुमच्या काउंटरवर तीन शिस्ती पाळा. बोट लावायच्या आधी सांगा, "आता हजार रुपये काढतोय." प्रत्येक वेळी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवा. आणि फसलेल्या प्रयत्नाचाही संदेश दाखवा. नाहीतर पाच वेळा बोट लावलेली आजी घरी जाऊन म्हणते, "पाच वेळा पैसे काढले त्याने." या धंद्यात कमिशन रुपयांत मिळतं, विश्वास गेला की दुकान जातं.

## तुमच्याकडे हजेरीचं मशीन असेल तर

गारमेंट युनिट, पापड उद्योग, छोटं वर्कशॉप चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात. इथे रेषा, म्हणजे जुळणीची पातळी, मशिनच्या सेटिंगमध्ये तुमच्याच हातात असते.

आधारमध्ये क्रमांक आधी टाकतो, म्हणून एका माणसाची तुलना एकाच नोंदीशी होते. हजेरीच्या मशिनवर नुसतं बोट ठेवलं, तर तुलना सगळ्यांशी होते. समजा, मशीन दर दहा हजार तुलनांत एकदा भलत्याला ‘हो’ म्हणतं. ५० कामगार, प्रत्येकाची दोन बोटं, म्हणजे १०० नोंदी. एका अनोळखी बोटाला १०० तुलनांत चुकून ‘हो’ मिळण्याची शक्यता झाली जवळपास १ टक्का. लोक वाढले की ही शक्यता वाढत जाते. उपाय सोपा: आधी कामगार क्रमांक, मग बोट. म्हणजे एकास एक तुलना.

नोंदणी करताना घाई करू नका. पहिल्या दिवशी खराब ठसा घेतला, तर वर्षभर रोज सकाळी रांग लागेल. हात धुवून, दोन्ही हातांचं एकेक बोट घ्या. आणि ज्याचं बोट लागत नाही त्याचा पगार कापू नका, त्याच्यासाठी कार्ड किंवा वहीची सोय ठेवा.

## आता तुमचं काम

जे मोजत नाही, ते सुधारत नाही. एक वही करा आणि पुढचे १५ दिवस रोज लिहा: कोणतं बोट लागलं, किती प्रयत्न झाले, नाही लागलं तर कोड कोणता. वहीत आधार क्रमांक लिहायचा नाही, नावही नको. ‘आजी, कोरडं बोट’ एवढं पुरे.

पंधरा दिवसांनी दोन आकडे काढा. समजा, ४० गिऱ्हाइकं आली. ३१ जणांचं पहिल्याच वेळी लागलं, ६ जणांचं नंतर, ३ जणांचं लागलंच नाही. तर पहिल्या फटक्याचं प्रमाण ३१ भागिले ४०, म्हणजे ७७.५ टक्के. एकूण प्रमाण ३७ भागिले ४०, म्हणजे ९२.५ टक्के. मग काच पुसणं, बोटांचा क्रम, स्टूल यातली एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि परत १५ दिवस मोजा. सगळं एकदम बदललंत, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पहिल्या फटक्याचं प्रमाण वाढलं की रांग कमी होते, रांग कमी झाली की दिवसाचे व्यवहार वाढतात. हा झाला धंद्याचा हिशेब. दुसरा हिशेब मला त्या मावशींनी शिकवला. आपल्या टेबलावर वाया गेलेली प्रत्येक फेरी ही कोणाचा तरी बुडालेला रोज असते.

त्या मावशी अजूनही येतात. आल्या की अंगठा पुढे करत नाहीत. आधी कोपऱ्यातल्या टबात हात धुतात, पदराला पुसतात आणि डाव्या हाताचं मधलं बोट काचेवर ठेवतात. मला सांगायची गरजच पडत नाही.

वही सुरू केलीत की १५ दिवसांनी तुमचे दोन आकडे नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.